पेण-रोह्याच्या वाटेने समाजशास्त्र : प्रस्तावना

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ‘अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा यांतील फरक सांगा’ हा प्रश्न वर्षाआड तरी येतोच. विद्यार्थी लिहितात : जन्माने मिळतो तो अर्पित, कर्तबगारीने मिळवतो तो अर्जित. गुण पदरात पडतात, विषय संपतो. पेपर देऊन तोच विद्यार्थी पेणला दिवा-रोहा गाडी पकडतो आणि नागोठण्याला उतरतो. डब्यात कोण कुणाला सरकून जागा देतो, कोण कुणाला ‘अहो’ म्हणतो, कुणाला वयाने मोठा असूनही ‘अरे’ ऐकावे लागते, हे सगळे तो रोज पाहतो. सकाळी आपण ज्याचे उत्तर लिहिले ते हेच, हे मात्र त्याच्या गावीही नसते.

यात त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. संज्ञा आपण पाठ करायला देतो, विचारायला देत नाही. ‘दर्जा’, ‘भूमिका’, ‘संस्था’, ‘स्तरीकरण’ यांतली प्रत्येक संज्ञा मुळात कुणाला तरी पडलेला प्रश्न होती. त्याने तो आपल्या काळाला, आपल्या गावाला विचारला, आणि प्रश्न वारंवार उपयोगी पडू लागला म्हणून त्याला नाव मिळाले. पुढल्या पानांतल्या संज्ञा म्हणूनच रायगड जिल्ह्यातल्या दोन शेजारी तालुक्यांना विचारून पाहिल्या आहेत. काही ठिकाणी उत्तर चोख मिळते, काही ठिकाणी संज्ञाच अडखळते. माझ्या अनुभवात अभ्यास खरा सुरू होतो तो ती अडखळते तिथे.

पेण-रोहाच का? मुख्य कारण म्हणजे थोडक्या अंतरात इतके वेगवेगळे जग क्वचितच सापडते. पेणच्या पश्चिमेला खाडीलगतचा खारेपाट, पूर्वेला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. मध्ये गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. डोलवीला पोलादाचा प्रकल्प, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स, रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. रोह्यापाशी कोकण रेल्वे सुरू होते. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा जन्मले, रोह्याला १९२० मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले. चिंतामणराव देशमुखांचे बालपणही रोह्यातले. एवढी सामग्री दाराशी असताना आमची पाठ्यपुस्तके उदाहरणासाठी शिकागोला जातात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

मराठी माणसाला हे शास्त्र परके नाही, एवढे आधी सांगून टाकतो. ऑग्युस्त कोंतने एकोणिसाव्या शतकात त्याला नाव दिले हे खरे. पण मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि पुढे तो ज्यांनी नावारूपाला आणला ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. त्यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या, एम. एन. श्रीनिवास होते, अक्षयकुमार देसाई होते. त्याही आधी १९०९ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकरांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरचे पुस्तक निघाले. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ आला. आत्रे महसूल खात्यातले. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांना कुणी ओळखले नाही, त्यांनीही तसा दावा केला नाही. पण बलुतेदार, वतन, पाटील-कुलकर्णी यांच्याविषयी जे तपशील त्यांनी टिपले, तसे टिपण्याची सवय आजच्या संशोधकांना असती तर बरे झाले असते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा कणा म्हणजे अंतर्विवाह, आपसांतच लग्ने लावून गट बंद करून घेणे, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच जिल्ह्यातल्या महाडला ते चवदार तळ्याचे पाणी प्याले. निबंध आणि तळे एकाच विचाराची दोन टोके आहेत. संज्ञा आणि रस्ता यांचे नाते कसे असते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही दोन्ही टोके एकत्र वाचावीत. मराठीत संज्ञांची जुळवाजुळव नीट करायची तर स. मा. गर्गे यांनी संपादित केलेल्या भारतीय समाजविज्ञान कोशाचे खंड आहेतच. त्यांची जागा घेण्याचा इथे इरादा नाही.

आता पेणच्या मूर्तिकारखान्यात येऊ. इथे जरा थांबायला हवे.

हमरापूर, जोहे या गावांत शिरले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड दिसतात, आणि त्यांत ओळीने पांढऱ्या, रंग न दिलेल्या मूर्ती. इथे त्यांना ‘कच्च्या’ मूर्ती म्हणतात. साच्यात प्लास्टर ओतणारा वेगळा, आत काथ्या बसवणारा वेगळा. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासून गुळगुळीत करणारा आणखी वेगळा. अंगाचा रंग फवाऱ्याने मारतात, पितांबर-शेल्याचे रंग हाताने. शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा माणूस सगळ्यांत मानाचा : दिवसभरात तो किती मूर्तींना हात लावतो यापेक्षा त्याने रेघ ओढली की मूर्ती ‘पाहायला’ लागते की नाही, यावर कारखान्याचे नाव ठरते. दागिन्यांचे खडे लावणे, किरकोळ रंगकाम ही कामे बऱ्याचदा आसपासच्या घरांतल्या बायका करतात, घरकाम सांभाळून, नगावर. कच्च्या मूर्ती महाराष्ट्रभरचे व्यापारी घेऊन जातात आणि आपापल्या गावी रंगवतात. परदेशी जाणारा माल गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी बोटीवर चढलेला असतो.

‘श्रमविभागणी’ ही संज्ञा या शेडला विचारा. एमिल दुरखाइमने १८९३ मध्ये लिहिले की कामे विभागली की माणसे एकमेकांवर अवलंबून होतात, आणि त्या अवलंबित्वातून नव्या प्रकारची एकी जन्मते. शेडमध्ये ते दिसते. भाद्रपदाच्या तोंडावर साचेवाला आजारी पडला तर आखणीवाला हात बांधून बसतो. मार्क्सची ‘परात्मता’ विचारा : जो मूर्ती घडवतो त्याची ती राहत नाही, तिच्यावर त्याचे नाव नाही, ती कुठल्या मांडवात बसली हे त्याला ठाऊक नाही. इथवर जुळते. पण हाच माणूस आपल्या घरच्या गणपतीची मूर्ती स्वतः शाडूत घडवतो, वेळ काढून घडवतो, आणि कारखान्यात ओतलेल्या हजारो मूर्तींविषयीही ‘बाप्पा’ असेच बोलतो. बाजारासाठी काढलेला माल आणि पूजेची वस्तू यांत त्याच्या मनात रेघ कुठे आहे? मार्क्सची संज्ञा इथे थोडी लंगडते. लंगडते म्हणून ती टाकून द्यायची नाही. ती कुठवर चालली हे मात्र लिहून ठेवायचे.

आणखी एक. जात आणि धंदा एकमेकांना जखडलेले असतात, असे आपण सरसकट शिकवतो. पेणमध्ये मूर्तिकला कुणा एका जातीच्या हाती राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात ती रुजली तेव्हा ज्यांची नावे पुढे आली त्यांत देवधर हे एक मोठे नाव आहे, आणि ते काही परंपरेने कुंभारकी करणारे घराणे नव्हे. गेल्या काही दशकांत हे काम शहराच्या आळ्यांमधून खारेपाटाच्या गावांत पसरले. ज्यांच्या आजोबांनी खारभाती पिकवली ते नातू आज साचे बनवतात. दर्जा इथे अर्जित आहे. पण कारखान्याचे मालक कोण, नगावर काम करणारे कोण, आणि आखणीच्या मानाच्या जागेवर बायका किती, हे विचारले की अर्पित दर्जा मागच्या दाराने परत येतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद याच शेडमध्ये जाऊन ऐकावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, मग प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०२५ मध्ये मूर्ती घडवण्यावरची बंदी उठली आणि नैसर्गिक जलस्रोतांतल्या विसर्जनाचा प्रश्न शिल्लक राहिला. समाजशास्त्राच्या भाषेत हा दोन ‘प्रमाणकां’मधला संघर्ष : नदी स्वच्छ राहावी हे एक, हाताला काम राहावे हे दुसरे. वर्तमानपत्रे यात एक बाजू शहाणी आणि दुसरी अडाणी ठरवून मोकळी होतात. अभ्यासकाला ती सवलत नाही.

खारेपाटाकडे वळू. भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचे बांध घातलेले असतात. बांधात उघाड्या : ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जावे, भरतीला खाडीचे आत येऊ नये, अशी सोय. उधाणाला बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात. खांड एकाच्या शेतासमोर जाते, पण खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, आणि एकदा जमीन खारवली की पुढची काही वर्षे भात धड येत नाही. त्यामुळे बांध हा कुणा एकाचा नव्हताच. गाव एकत्र येऊन तो बांधत होते, राखत होते. खांड गेली की रात्री-अपरात्री घरटी माणूस निघत होता. ‘सामूहिक कृती’, ‘सामाजिक ऐक्य’, ‘फुकटेपणाचा प्रश्न’ हे सगळे धडे या एका बांधावर शिकवता येतात. १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा आला, बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. ते गरजेचे होते. मोठे बांध गावाच्या ताकदीबाहेरचे होते. पण त्याबरोबर घरटी माणूस निघण्याची रीतही ढिली पडली. सरकार आले की समाज मागे सरतो का, हा समाजशास्त्रातला जुना वाद आहे, आणि त्याचा पुरावा पेणच्या खाडीवर चिखलात उभा आहे.

याच पट्ट्याने ‘वर्ग’ आणि ‘वर्गजाणीव’ यांचाही धडा देऊन ठेवला आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी संपाचा निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. खोताला, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराला, वाटा द्यायचा नाही, त्यासाठी जमीन पडीक राहिली तरी चालेल, असा हा संप. सहा वर्षे शेत पडीक ठेवणे म्हणजे काय, हे भातावर जगणाऱ्यालाच कळेल. आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, आणि कुळांना जमिनीचे मालक करणारा कृषक दिन उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. वर्ग ही केवळ उत्पन्नाची पायरी मानली तर हा संप समजत नाही. कुळे आधीही गरीबच होती. आपली गरिबी ही एका नात्याची दुसरी बाजू आहे आणि ते नाते खोताशी आहे, हे त्यांना एकत्र बसून दिसले, तेव्हा वर्ग तयार झाला. मात्र ही कुळे बहुतांश आगरी आणि कुणबी होती, त्यांची जातीची एकी संपाच्या कामी आली, हेही विसरता येत नाही. आमच्याकडे वर्ग आणि जात ही दोन पाने वेगळी फाडून वाचता येत नाहीत.

सत्तर वर्षांनी पेण पुन्हा उठले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी संपादन करण्याच्या विरोधात शेतकरी उभे राहिले, प्रा. एन. डी. पाटील यांनी नेतृत्व केले, आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारी देखरेखीखाली शेतकऱ्यांचे जनमत घेतले गेले. भूसंपादनाच्या प्रश्नावर असे जनमत देशात तोवर ऐकिवात नव्हते. तो प्रकल्प उभा राहिला नाही. ‘सामाजिक चळवळ’ या संज्ञेखाली हे उदाहरण घेताना विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवावी : १९३३ मध्ये लढा जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून होता, २००८ मध्ये ती जाऊ नये म्हणून. मधल्या काळात कुळाचा मालक झाला होता.

आता एक कडू संज्ञा. फर्डिनांड टॉनीजने १८८७ मध्ये ‘समुदाय’ आणि ‘समाज’ यांत भेद केला : समुदाय म्हणजे नात्याचा, ओळखीचा, जिव्हाळ्याचा गोतावळा, समाज म्हणजे करार आणि हिशेबाने बांधलेली माणसे. वर्गात हे शिकवले की मुलांच्या डोळ्यांपुढे गाव येते आणि ती हळवी होतात. त्यांना गावकीविषयी विचारावे. देवळाचा उत्सव, पालखी, विहिरीची डागडुजी, भांडणाचा निवाडा, गावातला मयत : कोकणात हे सगळे गावकी पाहते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे मंडळ गावकीला पैसे पाठवते, आणि गावकीच्या बैठकीत शब्दही टाकते. जिव्हाळा खराच असतो. आणि हीच गावकी एखाद्या घराला वाळीत टाकते. मग त्या घराच्या लग्नाला कुणी जात नाही, मयताला खांदा मिळत नाही, दुकानदार सामान देत नाही, बोलले तर दंड. कारणे कधी निवडणुकीतली, कधी जमिनीची, कधी मुलीने केलेल्या लग्नाची. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या चर्चेत या जिल्ह्याचे नाव वारंवार निघत होते. २०१६ चा हा कायदा बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. ‘सामाजिक नियंत्रण’ ही संज्ञा शिकवताना पोलीस, कोर्ट, तुरुंग यांची यादी देण्याची पद्धत आहे. त्यांच्या कितीतरी आधी शेजाऱ्याने न बोलणे येते. समुदायाची ऊब आणि समुदायाची शिक्षा एकाच हाताने मिळतात, आणि पुस्तकांनी यातली एकच बाजू सांगणे हा माझ्या मते लबाडपणा आहे.

ओळखीवर टेकलेल्या विश्वासाचेही तसेच. ‘सामाजिक भांडवल’ ही संज्ञा अलीकडे फार गोड करून सांगितली जाते : ओळखीपाळखी असल्या की व्यवहार सोपे होतात, गाव पुढे जाते. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. ‘आपली’ बँक म्हणून पेन्शनचे, मुलीच्या लग्नाचे पैसे लोकांनी तिथे ठेवले होते. भांडवल होते, आणि तेच बुडीत गेले.

कातकऱ्यांविषयी लिहिताना संज्ञा जपून वापराव्या लागतात. वेलिंग यांनी १९३४ मध्ये कातकऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा खैराच्या लाकडापासून काथ काढण्याची त्यांची जुनी विद्या मागे पडत चालली होती. जंगल राखीव झाले, धंदा गेला, जमीन नावावर कधी नव्हतीच. आज शासन त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत करते. पावसाळ्यात ते वाडीवर असतात, भातलावणीची मजुरी करतात. दिवाळी झाली की वीटभट्टीचा मालक किंवा मुकादम येतो. ‘उचल’ त्याने आधीच दिलेली असते, बहुधा पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांत, आजारपणाला नाहीतर लग्नाला. नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर जातात, हजार विटांमागे दराने माती कालवतात, विटा पाडतात. हंगाम संपला की हिशेब होतो, आणि उचल फिटलीच तर हाती फारसे काही उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल. पोरांची शाळा अर्ध्या वर्षाची.

कुणी म्हणते, ‘हे लोक पैसा टिकवत नाहीत, शाळेत पोरे पाठवत नाहीत.’ सी. राइट मिल्सने १९५९ मध्ये एक साधा भेद सांगितला : एका माणसाचा त्रास वेगळा आणि समाजाचा प्रश्न वेगळा. एका कातकऱ्याने उचल घेतली तर तो त्याचा व्यवहार. वाडीच्या वाडी पिढ्यान्‌पिढ्या उचल घेत असेल तर कारण त्यांच्या स्वभावात शोधायचे नसते. राहत्या घराखालची जमीन कुणाच्या नावे आहे, पावसाळ्यात काम कुठे मिळते, भट्टीचा हंगाम आणि शाळेचे वर्ष एकमेकांवर कसे बसतात, हे पाहायचे असते. याला ‘सामाजिक संरचना’ म्हणतात. या एका संज्ञेपुरता जरी कुणी हा विषय शिकला तरी माझी हरकत नाही.

रोह्याचे ग्रामदैवत धाविर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, गावभर फिरते, आळी-आळीत थांबते, घरोघरी रांगोळ्या असतात. निघताना पोलीस पथक देवाला शस्त्रांसह मानवंदना देते. दुरखाइमने १९१२ मध्ये म्हटले की पवित्र वस्तूभोवती जमलेला समाज प्रत्यक्षात स्वतःलाच नमस्कार करत असतो. पालखीच्या रात्री रोहा पाहिला तर हे पटते. पण ती मानवंदना दुरखाइमच्या चौकटीत कुठे बसवायची? राज्यसंस्था इथे देवापुढे शस्त्र धरते, आणि कुणालाही ते खटकत नाही. ‘लौकिकीकरण’ म्हणजे धर्माची सार्वजनिक जीवनातली पकड सैल होत जाणे, ही संज्ञा आपण आधुनिकतेच्या प्रकरणात निमूटपणे शिकवतो. कुंडलिकेच्या अलीकडे पालखी, पलीकडे अष्टमीतल्या मशिदी, दोहोंची मिळून एकच रोहा-अष्टमी नगरपरिषद, आणि तासाभराच्या अंतरात रासायनिक कारखान्यांच्या पाळ्या बदलण्याचे भोंगे. यातले काय लौकिक आणि काय अलौकिक, हे एका ओळीत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे उदाहरण मॅक्स वेबरसाठी राखून ठेवले आहे. माणसे कुणाचे का ऐकतात याची वेबरने तीन उत्तरे दिली : रीत म्हणून, नियम म्हणून, किंवा त्या व्यक्तीत काही असामान्य दिसते म्हणून. तिसऱ्याला करिष्मा म्हणतात. आठवल्यांच्या प्रेरणेने चाललेल्या योगेश्वर कृषीत शेतावर पाळीने राबायचे आणि पीक देवाचे मानायचे, मत्स्यगंधा नौकेवर तसेच मासे धरायचे. पगार नाही, हुकूम नाही. माणसे आली, किनारपट्टीवरच्या कोळी वस्त्यांतूनही आली. करिष्म्याचे पुढे काय होते हा वेबरचा खरा प्रश्न होता : ती व्यक्ती गेल्यावर तो संस्थेत, नियमांत, वारशात कसा मुरतो. शास्त्रीजी २००३ मध्ये गेले. उत्तर शोधण्याइतका काळ आता लोटला आहे. गागोद्याच्या विनोबांनाही हाच प्रश्न विचारता येतो, आणि दोघांची कर्मभूमी जन्मगावापासून दूर का राहिली, हाही.

श्रीनिवासांची ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा आगरी लग्नात तपासावी. पूर्वी लग्न धवलारीण लावत असे : धवळे गात विधी पार पाडणारी समाजातलीच जाणती बाई. पुढे तिच्या जागी भटजी आले. खालची जात वरच्या जातीच्या रीती उचलून वर सरकते, हे १९५२ मधले श्रीनिवासांचे म्हणणे इथे अगदी बरोबर बसते. आता धवळ्यांचे ध्वनिमुद्रण होते, धवलारिणींचे सत्कार होतात, आगरी बोलीत गाणी निघतात. चाल उलटी फिरली आहे. आणि हळदीच्या रात्रीचा खर्च पाहिला तर तो कुठल्याच वरच्या जातीची नक्कल नाही. तिथे थॉर्स्टीन व्हेब्लेनचा १८९९ मधला ‘प्रदर्शनी उपभोग’ जास्त कामाचा. जमिनीचा पैसा आला, तो दाखवायला हवा. त्याच समाजाच्या बैठकांतून हळदीचा खर्च आवरण्याचे ठरावही होतात, म्हणजे सामाजिक नियंत्रण पुन्हा हजर. एका मांडवात तीन संज्ञा.

नातेसंबंधांच्या, कुटुंबाच्या संज्ञांना इथे कमी जागा दिली आहे. मामेबहिणीशी लग्न चालते की नाही, आडनाव एक असले तर चालते का, यावर इरावतीबाईंनी १९५३ मध्ये जे लिहिले आहे ते मुळातून वाचलेले बरे. औद्योगिक समाजशास्त्रही थोडक्यात आटोपले आहे. धाटावच्या कंत्राटी कामगारांवर कुणीतरी वेगळे पुस्तक लिहायला हवे.

वाचणाऱ्याने सुरुवात कुठूनही करावी. ‘दर्जा’, ‘भूमिका’ आणि ‘प्रमाणक’ या तीन मात्र आधी वाचाव्यात, बाकीच्या त्यांच्या आधाराने उभ्या आहेत. प्रत्येक संज्ञेखाली आपल्या गावातले एक उदाहरण स्वतः लिहावे आणि ते कुठे जुळत नाही तेही लिहावे. वाळीत टाकलेल्या घराचे, उचल घेतलेल्या माणसाचे नाव वहीत लिहू नये. वही हरवते, माणसे गावातच राहायची असतात. कारखान्यात जायचे तर गणेशोत्सव उरकल्यावर जावे, त्याआधी तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. कातकरवाडीवर पावसाळ्यात जावे. दिवाळीनंतर तिथे म्हातारी माणसे तेवढी भेटतात.